निवडणारा कवी : दिलीप पुरुषोत्तम चित्रे

या लेखाचा विषय एक मोठा कवी आणि संपादक हा आहे. परंतु सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करावी लागत आहे. ती चूक झाली नसती तर हा लेख लिहून झाला असता, पण त्याचा अर्थ मला कळला नसता. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

यंदा वार्षिकांकाच्या विद्यार्थी संपादक मंडळावर माझी निवड झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. शिक्षणासाठी नांदेडला वसतिगृहात राहते. वडील शेती करतात, आई त्यांच्या बरोबरीने राबते आणि आजीला अक्षरओळख नाही. अशा घरातल्या मुलीच्या हाती एकदम लाल पेन आणि विद्यार्थ्यांच्या कवितांचा गठ्ठा पडला. सरांनी सांगितले, ‘पहिली निवड तुम्ही करा, मग आम्ही पाहू.’ मला स्वतःविषयी फार मोठे काही वाटू लागले, हे कबूल केले पाहिजे.

त्या गठ्ठ्यात आमच्याच भागातल्या एका वर्गमैत्रिणीची कविता होती. विषय तिची आई आणि सोयाबीनमधली खुरपणी. भाषा थेट घरची. ‘माय खुरपलाली’, ‘येळ’, ‘लई’, ‘लेकरं’ असे शब्द त्या कवितेत जागोजागी होते. मी त्यावर ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा मारला आणि कागद नापसंतीच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. नवल असे की, सुट्टीत गावी उतरल्याबरोबर मी स्वतः शेजारणीला ‘काय करलालीस गं?’ असेच विचारते. नांदेडला येताना लोह्याच्या पुढे बस आली की ती भाषा मी पिशवीत घालून ठेवते, एवढेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इंग्रजीच्या सरांनी मला बोलावून सांगितले, ‘तू संपादक मंडळावर आहेस ना? मग या अंकासाठी एखाद्या कवी-संपादकावर लिही. दिलीप चित्रे वाच.’ मी ग्रंथालयातून पुस्तके काढली आणि वाचू लागले.

कवी तो संपादक कसा?

आपल्याकडे कवी आणि संपादक या दोन निराळ्या जाती आहेत असे समजले जाते. कवी म्हणजे स्वतःच्या तंद्रीत असणारा माणूस. संपादक म्हणजे हिशेबी, दुसऱ्याच्या लेखनावर कात्री चालवणारा. वास्तविक जगातल्या अनेक भाषांत कवितेला वळण लागले ते कवींनीच चालवलेल्या छोट्या मासिकांमुळे. अमेरिकेत हॅरिएट मन्रो या कवयित्रीने १९१२ साली शिकागो शहरात ‘पोएट्री’ नावाचे मासिक सुरू केले. केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालेल कसे, असे अनेकांना वाटले असेल. पण टी. एस. एलियट या त्या काळी अनोळखी असलेल्या तरुणाची प्रुफ्रॉकवरील कविता १९१५ मध्ये याच मासिकाने छापली. आज ती कविता आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतही असते. मन्रोबाईंच्या स्वतःच्या कविता आज फारशा कुणी वाचत नाही. परंतु त्यांनी जे निवडले ते टिकले.

मराठीत या जातीचे उदाहरण शोधू गेल्यास दिलीप चित्रे यांचे नाव फार वर येते. फरक असा की, चित्र्यांच्या बाबतीत त्यांची स्वतःची कविता आणि त्यांनी केलेली निवड, दोन्ही टिकल्या आहेत. ते कवी होते, कथाकार होते, अनुवादक होते, चित्रकार होते आणि त्यांनी चित्रपटही केला. या साऱ्यांतून एकच धागा जातो असे मला वाटते. जे शब्द एका ठिकाणी अडकून पडले आहेत ते उचलून दुसऱ्या ठिकाणी, जिथे त्यांना वाचणारा माणूस आहे, तिथे नेऊन पोचवणे, हा तो धागा. संपादन म्हणजे मुळात हेच काम.

घरातच मासिक

चित्र्यांचा जन्म १७ सप्टेंबर १९३८ रोजी बडोद्यात झाला. सप्टेंबरची १७ तारीख आपण मराठवाड्याचे लोक विसरू शकत नाही. पुढे दहा वर्षांनी, १९४८ साली, त्याच दिवशी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. हा केवळ योगायोग. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : चित्रे आणि आपण, दोघेही मराठीच्या कडेच्या मुलुखातले. त्यांच्या भोवती गुजराती होती, आपल्या आज्या-पणज्यांच्या भोवती उर्दू, तेलुगू आणि कानडी. कडेला राहणाऱ्या माणसाला आपली भाषा जरा अधिक जाणवते, असे मला वाटते.

त्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे हे १९४३ पासून बडोद्याहून ‘अभिरुची’ हे वाङ्मयीन मासिक काढत. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या या मासिकाने त्या काळातल्या नव्या लेखनाला जागा दिली. बा. सी. मर्ढेकरांची ज्या कवितेने खळबळ उडवली ती नवी कविता ‘अभिरुची’च्या पानांवर आली. म्हणजे दिलीप चित्रे या मुलाने डोळे उघडले ते टपालाने येणारी हस्तलिखिते, मुद्रिते आणि लेखकांच्या गप्पा यांच्यामध्ये. आमच्या घरी डोळे उघडले की खताची रिकामी पोती आणि बी-बियाण्यांच्या पिशव्या दिसतात. पहिली अक्षरे मी त्या पिशव्यांवरच वाचली. ही तुलना मी तक्रार म्हणून करीत नाही. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातल्या मुलाला, छापलेले सर्व काही आपोआप छापून येते असे वाटत असते. त्यामागे कुणीतरी बसून ‘हे घ्यावे, हे ठेवावे’ असे ठरवले आहे, हे कळायला आम्हांला कॉलेजात यावे लागते. चित्र्यांना ते लहानपणीच दिसले.

सोळाव्या वर्षीचे ‘शब्द’

१९५१ मध्ये हे कुटुंब मुंबईला आले. पुढे तीनच वर्षांनी, १९५४ च्या सुमारास, चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या मित्रांनी ‘शब्द’ नावाचे अनियतकालिक सुरू केले. तेव्हा चित्र्यांचे वय सोळा. आपल्याकडे त्या वयाची मुले दहावीच्या परीक्षेला बसतात!

‘अनियतकालिक’ या शब्दाचा अर्थ थोडा उलगडून सांगितला पाहिजे. ज्याला ठरलेला महिना नाही, ठरलेली वर्गणी नाही, जाहिराती नाहीत. पैसे आणि मजकूर जमेल तेव्हा जे निघते ते अनियतकालिक. असा अंक कित्येकदा छापखान्यात न जाता चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल, केलेला असे. आता ही यंत्रे दिसत नाहीत. मेण लावलेल्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने लिहायचे किंवा टंकयंत्राने ठोकायचे. जिथे मेण निघाले तिथून शाई झिरपते. तो कागद यंत्राच्या रुळावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवत राहायचे. प्रत्येक फेऱ्याला एक प्रत बाहेर पडते. शेवटच्या प्रती फिकट निघतात आणि हात काळे होतात. परंतु छापखान्याचे बिल नाही आणि कुणाची परवानगी नाही.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व फार होते. त्या काळी ‘सत्यकथा’ हे मौजेचे मासिक मराठी साहित्यात मानाचे समजले जाई. पुढे १९८२ मध्ये ते बंद झाले. तिथे लेखन छापून येणे म्हणजे लेखकाला मान्यता मिळणे. पण एकाच दारातून सर्वांनी आत यायचे म्हटले की, त्या दाराच्या मापाचे लोकच आत येतात. ‘शब्द’ने दाखवून दिले की दार आपल्यालाही काढता येते. १९६० पर्यंत या ना त्या रीतीने ते चालले. त्यानंतरच्या दशकात मराठीत अनियतकालिकांची रांगच लागली : अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’, शिवाय ‘फक्त’, ‘अबकडइ’. यात आपल्या मराठवाड्याचाही वाटा आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. भालचंद्र नेमाडे यांच्या नावाशी जोडलेले ‘वाचा’ हे अनियतकालिक तेव्हाच्या औरंगाबादेतून निघत असे. लेखकाचा लेखकराव कसा होतो, हा नेमाड्यांचा गाजलेला लेख त्यातच आला होता.

मराठी कवितेची शिदोरी

१९६० मध्ये चित्र्यांचा पहिला संग्रह ‘कविता’ प्रसिद्ध झाला. शहर, शरीर, एकटेपणा आणि मृत्यू हे त्यांच्या कवितेचे विषय. वाचताना ती सोपी जात नाही. मला अजूनही सगळी कळते असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट कळते. हा कवी वाचणाऱ्याला खूश करण्यासाठी कुठेही गोड होत नाही.

त्याच वर्षी ते आफ्रिकेतील इथिओपिया या देशात शिक्षक म्हणून गेले आणि १९६३ पर्यंत तिथे इंग्रजी शिकवीत होते. परत आल्यावर त्यांनी जे मोठे काम हाती घेतले ते संपादकाचे होते. १९४५ ते १९६५ या वीस वर्षांतली मराठी कविता निवडून ती त्यांनी इंग्रजीत आणली. हा संग्रह १९६७ मध्ये मुंबईच्या निर्मला सदानंद प्रकाशनाने काढला. मर्ढेकर, पु. शि. रेगे, विंदा करंदीकर, अरुण कोलटकर यांसारखे कवी त्यात एकत्र आले. मराठीत नवे काय घडते आहे हे मराठी न येणाऱ्या माणसाला सलगपणे दाखवणारे असे पुस्तक तेव्हा फार मोलाचे होते.

यात दोन प्रकारचे धाडस आहे. पहिले भाषांतराचे. दुसरे त्याहून अवघड, निवडीचे. वीस वर्षांत शेकडो लोकांनी कविता लिहिल्या असतील. त्यांतून मूठभर घ्यायचे म्हणजे बाकीच्यांना बाहेर ठेवायचे. ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्यापैकी बरेच संपादकाचे ओळखीचे असतात. काही मित्रही असतात. निवडणारा माणूस सर्वांचा लाडका राहू शकत नाही. म्हणून त्याच्याजवळ ‘हे का घेतले’ याचे उत्तर असावे लागते आणि ‘हे का सोडले’ याचे तर त्याहून पक्के असावे लागते. हे वाचताना मला माझा तो शेरा पहिल्यांदा आठवला. ‘भाषा अशुद्ध’ हे काही उत्तर होते का? पण तेव्हा मी पान उलटले आणि पुढे गेले.

देशोदेशी

१९७५ ते १९७७ या काळात चित्रे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. जगभरचे लेखक तिथे काही काळ एकत्र राहून लिहितात, वाचतात, एकमेकांची भाषांतरे करतात. १९७८ मध्ये त्यांचा ‘कवितेनंतरच्या कविता’ हा संग्रह आला. १९८३ मध्ये त्यांनी ‘गोदाम’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. फ्रान्समधील नान्त येथील महोत्सवात १९८४ साली त्याला परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला.

१९८३ ते १९८५ मध्ये ते भोपाळच्या भारत भवनात ‘वागर्थ’ या विभागाचे संचालक होते. भारतीय भाषांतील कविता गोळा करणे, जपणे आणि लोकांपुढे आणणे हे त्या विभागाचे काम. म्हणजे हेही एक प्रकारे संपादनच. पण याच काळात, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. चित्र्यांचे कुटुंब भोपाळात राहत होते. त्यांचा मुलगा आशय याला त्या वायूची बाधा झाली आणि २००३ मध्ये त्याचा अकाली अंत झाला. कवीच्या चरित्रात पुरस्कारांची यादी देण्याची आपली पद्धत आहे. त्या यादीच्या दोन ओळींमध्ये असे दुःखही असते, हे विसरू नये म्हणून येथे लिहिले.

तुकोबा इंग्रजीत

आता चित्र्यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे वळू. ऐन तरुणपणापासून ते तुकारामांचे अभंग इंग्रजीत आणत होते. १९९० मध्ये त्यांचे ‘पुन्हा तुकाराम’ हे मराठी पुस्तक आले. त्यात निवडक अभंग आणि त्यांवरचे चिंतन आहे. १९९१ मध्ये पेंग्विनने ‘सेज तुका’ हा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. ‘तुका म्हणे’ या नाममुद्रेचेच ते इंग्रजी रूप.

हे काम केवढे अवघड, याची कल्पना यावी म्हणून थोडी माहिती देते. सरकारी मदतीने जी तुकारामगाथा १८६९ ते १८७३ या वर्षांत दोन भागांत छापली गेली तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. ते तुकोबांच्या आयुष्यात कोणत्या क्रमाने झाले हे सांगता येत नाही. एका अभंगात देवाशी भांडण, पुढच्यात दुष्काळाचे दुःख, त्यापुढे लोकांना उपदेश, असा तो प्रवाह आहे. इंग्रजी वाचणाऱ्या परक्या माणसापुढे हे जसेच्या तसे ठेवले तर तो गोंधळून जाईल. चित्र्यांनी त्यातून निवड केली, विषयांप्रमाणे विभाग पाडले आणि त्यांतून एका माणसाची मूर्ती उभी केली : संसारात होरपळलेला, लिहिण्याविषयी सतत विचार करणारा, देवाला सोडत नाही आणि स्वतःलाही सोडत नाही असा एक कवी. संत तर ते आहेतच. पण ते जगातल्या थोर कवींपैकी एक आहेत, हे चित्र्यांनी ठासून सांगितले. १९९४ मध्ये साहित्य अकादमीने त्यांच्या ‘एकूण कविता’च्या पहिल्या खंडाला पुरस्कार दिला आणि त्याच वर्षी ‘सेज तुका’ला अनुवादाचा पुरस्कार दिला. एकाच माणसाच्या दोन हातांना एकाच वर्षी मिळालेले हे दोन मान होत.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे पुस्तक गावी घेऊन गेले. आमची आजी वारकरी आहे. नामदेवांची नर्सी आणि जनाबाईचे गंगाखेड आमच्या मुलुखातलेच. त्यामुळे अभंग हे तिच्या बोलण्यातच मिसळलेले असतात. अखंड हरिनाम सप्ताहात, पहाटेच्या काकड्याला, ऐकून ऐकून तिने ते साठवले आहेत. खरे सांगायचे तर कॉलेजात आल्यापासून मला त्याचा थोडा कंटाळा येऊ लागला होता. मैत्रिणी घरी येणार असल्या की मी मनात म्हणत असे, आजीने आता सुरू करू नये.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर पुस्तक उघडून बसले. आजीने विचारले, ‘कशाचं पुस्तक हाय?’ मी म्हटले, ‘तुकोबाचं. इंग्रजीत हाय.’ तिला वाटले मी थट्टा करते आहे. मग मी एक खेळ केला. इंग्रजी अनुवाद वाचायचा, त्याचा अर्थ आपल्या साध्या बोलीत तिला सांगायचा आणि मूळ अभंग तिने ओळखायचा. मी दोन वाक्ये सांगितली की ती मान हलवायची आणि अख्खा अभंग म्हणून टाकायची. आठ सांगितले, त्यांपैकी सहा तिने ओळखले. सातव्याला तिने मला थांबवले आणि म्हणाली, ‘तू उलटं सांगलालीस. आधी ते येतंय, मग हे.’ मी पाहिले तर चूक माझीच होती. घाईत मी खालची ओळ आधी वाचली होती. आठवा अभंग तिने ऐकलेलाच नव्हता. तो तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतला आणि म्हणाली, ‘हे बी तुकोबानं म्हणलंय व्हय!’

तिने एकच दोष काढला. ‘चाल कुठं हाय ह्यात?’ हा प्रश्न सोपा नाही. टाळ-मृदंगाची साथ, शंभर माणसांनी धरलेले ध्रुवपद, हे कागदावर येत नाही आणि दुसऱ्या भाषेच्या कागदावर तर मुळीच येत नाही. इंग्रजी तुका गाता येत नाही, तो वाचावा लागतो. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात निराळाच विचार होता. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, अशी कथा आपण ऐकतो. त्या कथेचा अर्थ काही असो. आजीसारख्या लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी अभंग तोंडात धरून ठेवले, ही तर डोळ्यांपुढची गोष्ट आहे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याची निवड त्यांनीही केली. चित्रे ज्या पंगतीत बसले आहेत त्या पंगतीत माझी आजी आधीपासून बसलेली आहे, आणि तिचीच मला लाज वाटत होती.

गोलपिठ्याचे शब्द

शेवटची गोष्ट नामदेव ढसाळांची. ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. मुंबईच्या वेश्यावस्तीतले, गल्लीबोळांतले, शब्दकोशात कधी न शिरलेले शब्द त्या पुस्तकातून मराठी कवितेत घुसले. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यांतल्या कित्येक शब्दांचे अर्थ ठाऊक नव्हते. ते कवीला विचारून घ्यावे लागले. हे शब्द अशुद्ध आहेत म्हणून कुणी तो कागद बाजूला ठेवला असता, तर?

चित्रे आणि ढसाळ यांची मैत्री दीर्घ काळची. एक बडोद्याच्या वाङ्मयीन घरातला, दुसरा दलित वस्तीत वाढलेला. चित्र्यांनी ढसाळांच्या कवितांची निवड करून इंग्रजीत अनुवाद केला. हेनिंग श्टेगम्युलर यांच्या छायाचित्रांसह ते पुस्तक २००७ मध्ये नवयान प्रकाशनाने काढले. ज्या हातांनी तुकोबा इंग्रजीत नेले त्याच हातांनी ढसाळ नेले, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. दोघांच्याही भाषेला त्या त्या काळच्या शहाण्या माणसांनी नाके मुरडली. चित्र्यांनी मात्र ‘ही भाषा शुद्ध आहे का?’ असे न विचारता ‘ही भाषा जिवंत आहे का?’ असे विचारले. संपादकाने विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा, असे मला त्यांच्या कामावरून कळले.

आयुष्याच्या उत्तरार्धात चित्रे पुण्यात राहत होते. ‘न्यू क्वेस्ट’ या इंग्रजी नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. म्हणजे सोळाव्या वर्षी धरलेले काम त्यांनी उतारवयातही सोडले नव्हते. १० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुन्हा तो कागद

सुट्टी संपवून नांदेडला परत आल्यावर मी पहिल्यांदा नापसंतीचा गठ्ठा सोडला. कागद तिथेच होता. माझ्या लाल शेऱ्यासकट. कविता पुन्हा वाचली. ‘माय खुरपलाली’च्या जागी ‘आई खुरपत आहे’ असे मनात घालून पाहिले. सबंध ओळ मरून गेली. खुरपणारी बाई दिसेनाशी झाली आणि कुणीतरी पाठ्यपुस्तकातली आई तिथे येऊन उभी राहिली.

मी मैत्रिणीच्या खोलीवर गेले आणि जे केले होते ते सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, ‘मला वाटलंच होतं, कॉलेजात असलं चालत नसंल. तवापासून मी लिहिलंच न्हाई.’

चार महिने. माझ्या दोन शब्दांच्या शेऱ्याने एका मुलीचे चार महिने लिहिणे थांबले होते. ‘सत्यकथे’चे दार तरी मोठ्या माणसांनी राखलेले होते. मी तर नुकतीच आत आलेली होते, आणि आत येताच मागून येणाऱ्या आपल्याच माणसाच्या तोंडावर कडी लावली होती. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना हा धोका फार आहे. आपल्याला वाटते, घरची भाषा टाकली की आपण शिकलो. चित्र्यांच्या घरी तर मासिक होते, ग्रंथ होते, इंग्रजी होती. त्यांना तुकोबाकडे आणि ढसाळांकडे जाण्याची काही सक्ती नव्हती. तरी ते आयुष्यभर तिकडेच जात राहिले. आणि आम्ही ज्या घरातून आलो त्या घराकडे पाठ फिरवायला उत्सुक!

मी सरांना सर्व सांगितले. त्यांनी कविता वाचली आणि ‘घ्या’ म्हणाले. मैत्रिणीने मात्र एक अट घातली : एकही शब्द बदलायचा नाही. मंडळाने ती मान्य केली. शेरा मारलेला कागद तिने स्वतःकडे ठेवला आणि आम्हांला नवी प्रत लिहून दिली. ती कविता याच अंकात आहे. वाचकांनी ती शोधून वाचावी आणि शक्य झाल्यास मोठ्याने वाचावी, म्हणजे तिच्यातली चालही कानावर येईल.